आम्ही कमी बोलतो, हे सांगायला लागणारा वेळ

"बडबड कमी, रॉक जास्त!"

आधी डोक्यावरून जेट विमान गेल्याचा आवाज येतो. मग काहीतरी फुटतं. मग एक पुरुष घसा खरवडत, खर्जात सांगतो की आमच्याकडे बडबड नसते. पुन्हा काहीतरी फुटतं. तोच पुरुष स्टेशनचं नाव सांगतो, फ्रिक्वेन्सी सांगतो, एवढ्यात विसरला असाल म्हणून नाव परत सांगतो आणि आता सलग किती गाणी लागणार त्याचा आकडा जाहीर करतो. एवढं सगळं उरकल्यावर गाणं लागतं. ते संपतं न संपतं तोच विमान परत येतं.

अमेरिकेतल्या क्लासिक रॉक, म्हणजे जुनीच रॉक गाणी लावणाऱ्या, रेडिओ स्टेशनांचं हे आत्मस्तवन मी बरीच वर्षं ऐकत आलोय. डेट्रॉइटच्या उपनगरात राहतो, मोटारींच्या धंद्यात नोकरी करतो, त्यामुळे गाडीत बसणं आलं आणि गाडीत बसलं की रेडिओ आला. मी या स्टेशनांचा वैरी नाही, गिऱ्हाईक आहे. सांगलीला इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलवर ही गाणी आमच्यापर्यंत एका कॅसेटवरून दुसऱ्या कॅसेटवर उतरत उतरत पोचायची. चौथ्या-पाचव्या कॉपीला गिटार विहिरीत पडल्यासारखी ऐकू यायची, आणि गाण्यांची नावं लिहायचे कष्ट कुणी घेतलेले नसायचे. त्यामुळे इथे आल्यावर पहिल्या जुनाट गाडीच्या रेडिओत हे सगळं दिवसभर, फुकट आणि स्वच्छ ऐकू यायला लागलं तेव्हा मधल्या विमानांकडे माझं लक्षही गेलं नाही. हौस फिटेपर्यंत मधलं काही ऐकू येत नसतं. पुढे गाणी पाठ झाली, कुठल्या गाण्यानंतर कुठलं येणार याचाही अंदाज यायला लागला, आणि मग मधलंच तेवढं ऐकू यायला लागलं.

तेव्हा जाणवलं की या स्टेशनवर ताजं असं काही असेल तर तेवढंच. गाणं 1975 चं, सोलो 1975 चा, बडवणारा ड्रमर कधीच देवाघरी गेलेला. नवीन फक्त फुशारकी.

नावांपासूनच बघा. ईगल, फॉक्स, बेअर, हॉक, वुल्फ. अमेरिकेच्या हायवेवरून रात्रभर गाडी हाकली तर राणीच्या बागेत चक्कर मारल्यासारखं वाटतं, फक्त इथे प्रत्येक पिंजऱ्यात ईगल्स या बँडचंच गाणं चालू असतं. सॅन फ्रान्सिस्कोकडच्या एका स्टेशनचं नाव 'द बोन', म्हणजे हाडूक. सेंट लुईसला के-एस-एच-ई नावाचं जुनं, मानाचं स्टेशन आहे. त्याचं बोधचिन्ह म्हणजे काळा चष्मा घातलेलं, कानाला हेडफोन लावलेलं डुक्कर. याच स्टेशनच्या नावातली शेवटची तीन अक्षरं जोडून वाचली की इंग्रजीत 'ती' होतं, कारण 1961 मध्ये ते सुरू झालं ते घरी असणाऱ्या बायकांना शांत संगीत ऐकवायला. 1967 मध्ये ते रॉककडे वळलं. 'ती'च्या गळ्यात डुक्कर कसं आलं ही कथा मला कुठल्याही गाण्याइतकी आवडते. पण ती स्टेशनवर तुम्हाला सहसा ऐकू येणार नाही. 'खरं रॉक' एवढंच ऐकू येणार.

आणि 'खरं रॉक' म्हणजे काय? तर नियम न पाळणारं. हे बंडखोरीचं प्रकरण मला सगळ्यात जास्त हसवतं. "आम्ही कुणाच्या बापाचं ऐकत नाही" अशा अर्थाचं काहीतरी गरजून झालं की त्याच्या शेपटाला एक वाक्य पुटपुटल्यासारखं येतं. चार अक्षरं आणि एका गावाचं नाव. हा सरकारी नियम आहे. अमेरिकेतल्या प्रत्येक रेडिओ स्टेशननं दर तासाला, तास भरायच्या जवळपास, आपली परवान्यावरची अक्षरं आणि त्याला लागूनच परवान्यावरचं गाव सांगायचं असतं. दोन्हींच्या मध्ये फ्रिक्वेन्सी किंवा मालकाचं नाव घातलेलं चालतं, बाकी विशेषणं चालत नाहीत. मिसिसिपी नदीच्या पूर्वेला अक्षरं सहसा डब्ल्यूनं सुरू होतात, पश्चिमेला केनं. आता गंमत अशी की हे परवान्यावरचं गाव बऱ्याचदा वेगळंच निघतं. डेट्रॉइटचं म्हणून सगळे ज्याला ओळखतात ते डब्ल्यू-सी-एस-एक्स कागदोपत्री बर्मिंगहॅम या टुमदार, पैसेवाल्या उपनगराचं आहे. सेंट लुईसची ती डुकरीणबाई कागदोपत्री क्रेस्टवुडची. त्यामुळे स्टेशनं काय करतात, तर टोपणनाव ढगात गडगडल्यासारखं सांगतात आणि खरं नाव-गाव शाळेत हजेरीला उभं केल्यासारखं एका दमात उरकतात. बंडखोर तासाला एकदा, अगदी वेळेवर, हजेरी लावतो.

क्लासिक रॉक या फॉर्मॅटचा जन्म आमच्याच बाजूचा. फ्रेड जेकब्स हा डेट्रॉइटचा रेडिओवाला. 1985 मध्ये मिशिगनची राजधानी लान्सिंगकडच्या डब्ल्यू-एम-एम-क्यू या स्टेशनवर त्यानं फक्त जुनं रॉक लावायची कल्पना उभी केली. हिशोब सरळ होता. साठ-सत्तरच्या दशकांत जी पोरं केस वाढवून फिरत होती ती आता घराचे हप्ते भरत होती, त्यांच्या खिशात पैसा होता आणि त्यांना नवीन गाणी शिकायची नव्हती. काही वर्षांत देशभर अशी स्टेशनं उभी राहिली. गाणी कुठली लावायची हे ठरवायची पद्धतही ठरून गेली. लोकांना हॉलमध्ये बसवायचं, प्रत्येक गाण्याचा काही सेकंदांचा ओळखू येईल असा तुकडा ऐकवायचा आणि गुण द्यायला सांगायचं. ज्याला बरे गुण ते राहिलं, बाकीचं कपाटात. असं करत करत काहीशे गाण्यांचा गोळीबंद संच उरतो, आणि तोच फिरून फिरून लागतो. लेड झेपेलिनच्या एकाच अल्बमवरची दोन गाणी लोकांना तोंडपाठ असतात आणि त्याच अल्बमवरची बाकीची त्यांनी कधी ऐकलेलीच नसतात ती यामुळे.

मला यात तक्रारीची जागा फारशी दिसत नाही. ओळखीचं गाणं ऐकायलाच आपण ते बटण दाबतो. पण विचार करा, माल असा आहे की ज्याची जाहिरात करायची गरज उरलेली नाही. पिंक फ्लॉइड चांगले आहेत हे कुणी कुणाला सांगायचं? शेजारच्या स्टेशनकडेही तेच पिंक फ्लॉइड आहेत, तेच गाणं, तीच लांबी. मग तुमचं वेगळं ते काय? उरतं फक्त 'आम्ही'. म्हणून सगळा दम 'आम्ही'वर.

आई आमच्याकडे सहा महिने राहायला आली होती तेव्हा स्वयंपाकघरातला रेडिओ सकाळी चालू असायचा. चौथ्या-पाचव्या दिवशी पोळ्या लाटता लाटता तिनं विचारलं, "अरे, हा माणूस चिडलाय कुणावर?"

"कुणावर नाही गं. स्टेशनचं नाव सांगतोय."

"मग नीट सांग म्हणावं. ऐकतोय की आपण."

तिचा रेडिओ म्हणजे सांगली आकाशवाणी. तिथे केंद्राचं नाव शांतपणे सांगायचे आणि कामाला लागायचे. हळदीचे भाव, भजन, नाट्यगीत. अर्थात आकाशवाणीला आव आणायची गरज नव्हती, कारण तेव्हा दुसरं कुणी नव्हतंच. खाजगी एफएम आल्यावर मुंबई-पुण्याच्या स्टेशनांनीही गळे काढलेच. 'बजाते रहो' म्हणा, 'रग रग में दौडे सिटी' म्हणा. पण त्यात निदान थोडा खट्याळपणा होता. इथल्या आवाजात विनोद औषधालाही नाही. या कामाला इथे 'इमेजिंग' म्हणतात आणि त्यासाठी आवाज भाड्यानं देणारे वेगळे लोक असतात. एकच माणूस आपल्या घरातल्या छोट्या खोलीत बसून डझनावारी शहरांची नावं त्याच खर्जात म्हणून पाठवतो. त्याला त्या शहरात कधी जावं लागत नाही.

तर आईचा प्रश्न होता की हा चिडलाय कुणावर. नाव इतकं पुन्हा पुन्हा का, याचं उत्तर मला बऱ्याच उशिरा, रेडिओच्या जाहिरातखात्यात काम केलेल्या एका शेजाऱ्याकडून मिळालं, आणि ते एखाद्या गुप्तहेरकथेइतकं समाधान देणारं होतं. उत्तर होतं एक छोटी वही.

आर्बिट्रॉन नावाची कंपनी अनेक दशकं अमेरिकेत कोण काय ऐकतो ते मोजायची. कसं? तर निवडलेल्या घरांना टपालानं एक डायरी पाठवायची, सोबत लिफाफ्यात एक-दोन डॉलरच्या नोटा, माणसाला जरा लाज वाटावी म्हणून. आठवडाभर आपण कुठलं स्टेशन किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत ऐकलं ते लिहायचं आणि परत धाडायचं. आता खरं सांगा, मंगळवारी दुपारी दाताच्या डॉक्टरकडे जाताना गाडीत काय लागलं होतं ते कुणाला आठवतं? लोक शेवटच्या रात्री बसून आठवेल ते लिहून काढायचे. आणि आठवायचं काय, तर जे नाव सगळ्यात जास्त वेळा कानावर आदळलं ते. त्या नावावर श्रोत्यांची टक्केवारी, टक्केवारीवर जाहिरातीचा दर, दरावर सगळ्यांचे पगार. एका पाव तासात पाच मिनिटं ऐकलेलं लिहिलं की तो सबंध पाव तास स्टेशनच्या खात्यावर जमा व्हायचा. म्हणून पाव तास उलटता उलटता "पुढे येतंय..." असं सांगून तुम्हाला थांबवून धरायचं, आणि नाव मात्र सतत, सतत, सतत.

म्हणजे तो खर्जातला बाबा माझ्याशी बोलतच नव्हता. तो बोलत होता त्या वहीवाल्याशी. आम्ही बाकीचे लाखभर लोक हायवेवर बसून दुसऱ्याला घातलेला उपदेश ऐकत होतो. हे कळल्यावर माझा राग निम्मा गेला.

उरलेला निम्मा गेला नाही, कारण पुढे वही गेली. 2007 पासून मोठ्या शहरांमध्ये एक छोटं यंत्र आलं, पेजरसारखं, कमरेला लावायचं. स्टेशनच्या प्रक्षेपणात कानाला न कळणारी एक खूण मिसळलेली असते, ती ते यंत्र आपोआप टिपतं. 2013 मध्ये आर्बिट्रॉनच नील्सन या दुसऱ्या मोजणाऱ्या कंपनीच्या पोटात गेली. लहान शहरांत वही अजून चालते, पण आमच्यासारख्या ठिकाणी आता कुणाला काही आठवायची गरज नाही. यंत्राला स्तुती ऐकू येत नाही. तरी विमान येतंच, काहीतरी फुटतंच. परीक्षा बंद झाली तरी घोकंपट्टी चालू.

पूर्वी असं नव्हतं, असं म्हणायचा मोह होतो, आणि अर्धवट ते खरंही आहे. साठच्या दशकात अमेरिकी सरकारनं नियम केला की मोठ्या शहरांतल्या एफएम स्टेशननं आपल्याच एएम स्टेशनचा कार्यक्रम दिवसभर तसाच वाजवायचा नाही. मालकांकडे अचानक रिकामे तास आले आणि ते भरायला स्वस्तात मिळणारी केसाळ पोरं आली. 1967 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या के-एम-पी-एक्सवर टॉम डॉनह्यू या भारदस्त माणसानं मनाला येईल ते, हवं तितकं लांब लावायला सुरुवात केली. आमच्या डेट्रॉइटच्या डब्ल्यू-के-एन-आरवर ऑक्टोबर 1969 मध्ये रस गिब या निवेदकाला एका श्रोत्यानं फोन करून सांगितलं की बीटल्समधला पॉल मॅकार्टनी मेलाय आणि रेकॉर्ड उलटी फिरवली की पुरावा मिळतो. गिबनं खरोखर ती उलटी फिरवून हवेत सोडली आणि ती अफवा देशभर पसरली. सगळा प्रकार खुळचटच. पण त्या खुळचटपणाला विषय होता. माणसं गाण्यात इतकी बुडाली होती की उलटं सुलटं करून ऐकत होती.

पण मग 1979 आठवतं. शिकागोच्या डब्ल्यू-एल-यू-पीनं, म्हणजे 'द लूप'नं, 12 जुलैला कोमिस्की पार्कवर आपली जाहिरात केली. डिस्कोची एक रेकॉर्ड आणा आणि 98 सेंटमध्ये आत या. 98 का, तर स्टेशन 97.9 वर. दोन बेसबॉल सामन्यांच्या मध्ये निवेदक स्टीव्ह डालनं मैदानावर रेकॉर्डींची पेटी स्फोटकांनी उडवली. हजारो लोक मैदानात घुसले, गवत जळलं, दुसरा सामना खेळता येईना, आणि तो पाहुण्या संघाला बहाल करावा लागला. पाहुणे होते आमचे डेट्रॉइट टायगर्स. डिस्को हे मुख्यतः काळ्या, लॅटिनो आणि समलिंगी लोकांच्या क्लबांतून आलेलं संगीत, त्यामुळे त्या रात्री नेमकं काय जाळलं गेलं यावर आजही लिहिलं जातं, आणि लिहिलं जावंच. तर जुना काळ निरागस होता वगैरे मी म्हणणार नाही. स्टेशनचं नाव लोकांच्या डोक्यात घालायला तेव्हा खरा दारूगोळा वापरत, आता रेकॉर्ड केलेला वापरतात. 'द लूप'ही 2018 मध्ये विकलं गेलं आणि तिथे आता ख्रिस्ती भक्तिसंगीत लागतं.

मधल्या काळात मालक बदलले. 1996 च्या कायद्यानं एका कंपनीनं देशभरात किती स्टेशनं बाळगावीत यावरची मर्यादाच काढली. क्लिअर चॅनेल नावाच्या कंपनीकडे बघता बघता बाराशेच्या आसपास स्टेशनं झाली. एकाच इमारतीत, एकाच मजल्यावर, एका दारामागे रॉक, दुसऱ्यामागे कंट्री, तिसऱ्यामागे गप्पा. "आमच्यासारखं शहरात दुसरं कुणी नाही" असं गरजणारं स्टेशन आणि "आमच्यासारखं शहरात दुसरं कुणी नाही" असं गरजणारं दुसरं स्टेशन एकाच कॉफीच्या मशीनवर येतात. निवेदकही बऱ्याचदा दुसऱ्या शहरातून आपली वाक्यं आधीच ध्वनिमुद्रित करून ठेवतो. "काय छान ऊन पडलंय बाहेर" एवढं मात्र तो जपून म्हणतो.

18 जानेवारी 2002 ला मध्यरात्र उलटल्यावर नॉर्थ डकोटातल्या मायनॉट गावाजवळ मालगाडी घसरली आणि अमोनियाचा ढग गावावर आला. गावातली सहा व्यापारी स्टेशनं क्लिअर चॅनेलची होती. लोकांना सावध करायला पोलिसांनी फोन लावले, ते उचलले गेले नाहीत. कंपनीचं म्हणणं असं की चूक पोलिसांच्या इशारायंत्रणेची होती. दोष कुणाचा यावर पुढे बराच वाद झाला. त्या रात्री एका माणसाचा जीव गेला. 'तुमचं स्टेशन', 'तुमच्या शहराचं स्टेशन' हे शब्द ऐकले की मला मायनॉट आठवतं.

त्याच्या उलटही एकदा ऐकलंय. 14 ऑगस्ट 2003 ला दुपारी चारच्या सुमाराला ईशान्य अमेरिकेतले आणि कॅनडातले मिळून पाचेक कोटी लोक अंधारात गेले, त्यात आम्हीही होतो. पेट्रोल पंप बंद, सिग्नल बंद, नळाला दाब नाही, पाणी उकळून प्यायचे आदेश. उकाड्यात आम्ही दारात उभ्या केलेल्या गाडीत बसून रेडिओ लावला. माझ्या नेहमीच्या स्टेशनवर एक माणूस बोलत होता. विमान नाही, स्फोट नाही, ते बहुधा बंद पडलेल्या कॉम्प्युटरात अडकले असावेत. आवाज पातळ, जरा अनुनासिक. कुठल्या रस्त्यावर पंप चालू आहे, बर्फ कुठे मिळतोय, म्हाताऱ्या शेजाऱ्यांचं दार वाजवून या, असं सांगत होता. लोकांचे फोन घेत होता. गाणी जवळजवळ नाहीतच. स्टेशनचं नाव तासाला एकदा, कायद्यापुरतं. इतक्या वर्षांत मला त्या स्टेशनचं नाव सगळ्यात पक्कं लक्षात राहिलं असेल तर त्या रात्री.

शनिवारपर्यंत वीज आली. सोमवारी कामावर जाताना विमान परत आलं, काहीतरी फुटलं आणि खर्जातल्या बाबानं सांगितलं की अख्खं शहर अंधारात होतं तेव्हा तुमच्यासोबत कोण होतं. महिनाभर सांगत होता. पातळ आवाजाच्या माणसाचं नाव त्यात नव्हतं.

आता फुशारकीला नवं निमित्त सापडलंय. घराघरांत बोलका डबा, म्हणजे स्मार्ट स्पीकर, आलाय, त्यामुळे स्टेशनं आता नाव लक्षात ठेवायला नाही, तर ते मोठ्यानं उच्चारायला शिकवतात. अमुक म्हणा की आम्ही लागू. मागच्या महिन्यात स्वयंपाकघरातल्या जुन्या रेडिओवरून बाबानं ते सगळं वाक्य म्हणून दाखवलं, आणि शेजारच्या फळीवरच्या डब्यानं आज्ञाधारकपणे तेच स्टेशन लावलं. इंटरनेटवरून येणारं प्रक्षेपण अर्धा-पाऊण मिनिट मागे असतं. माझे हात कणकेत, त्यामुळे दोन्ही चालू राहिले. रेडिओवर सकाळी नऊचं वचन आलं, की आज संध्याकाळी पाचपर्यंत आम्ही एकही गोष्ट दोनदा वाजवणार नाही. मग गाणं सुरू झालं. त्याचा पहिला ठेका पडतोय तोच फळीवर विमान आलं, काहीतरी फुटलं, आणि आज संध्याकाळी पाचपर्यंत एकही गोष्ट दोनदा वाजणार नाही असं डब्यानंही मला सांगितलं.